सात शिंकांची पायरी

कोणताही देश डोंगरांनी, नद्यांनी किंवा माणसांनी उभा राहत नाही. तो रस्त्याकडेच्या फलकांनी उभा राहतो. फलक नसेल तर डोंगर म्हणजे नुसता चढ आणि नदी म्हणजे गाडी धुवायची सोय. हे सत्य ज्या दिवशी सरकारच्या ध्यानात आलं, त्याच दिवशी स्थळदर्शन खातं स्थापन झालं आणि देशाला भूगोल मिळाला. (इतिहास पुढच्या आर्थिक वर्षात मिळाला.)

खात्याचा मूळ नियम असा की, हमरस्त्यावर दर अकरा किलोमीटरला एक उल्लेखनीय गोष्ट असलीच पाहिजे. निसर्गाने आणि पूर्वजांनी हा नियम पाळलेला नव्हता, पण खात्याने समजुतीने घेतलं. आजमितीला नोंदलेली स्थळं चार हजार दोनशे बारा आहेत. त्यांतल्या अकराशे सहा ठिकाणी कुणी ना कुणी थोर पुरुष विश्रांतीला बसला होता. यावरून या देशाचा इतिहास चालून कमी आणि बसून जास्त घडला, असं अनुमान निघतं. तीनशे बारा ठिकाणांहून ‘विहंगम दृश्य’ दिसतं (पैकी दोनशे नव्वद ठिकाणी ते आता सिमेंटच्या गोदामामागे आहे, पण फलक शाबूत आहे). देशातल्या सर्वांत मोठ्या नदीचा उगम विश्रामगृहामागच्या नळाशी आहे, कारण खऱ्या उगमापाशी गाड्या लावायला जागा नव्हती. सर्वांत उंच शिखर हे दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरापेक्षा दोन मीटरने बुटकं आहे. ही चूक लक्षात आली तेव्हा फलक लागून गेला होता, आणि लागलेला फलक काढायची पद्धत खात्यात नाही. दुसऱ्या शिखरानेही कधी तक्रार केली नाही.

या खात्यात आपला लेखनिक बावीस वर्षं फलकांचा मजकूर लिहीत होता. मजकूर चाळीस शब्दांचा असावा लागे. त्यातले नऊ शब्द गाडीतला माणूस वाचतो, तीन लक्षात ठेवतो आणि एक घरी जाऊन सांगतो, असं खात्याच्या पाहणीत आढळलेलं होतं. लेखनिक त्या एका शब्दासाठी जिवाचं रान करी. माणूस मात्र सरळ. बावीस वर्षांत त्याने आपल्या मनाने एकही गोष्ट रचली नव्हती; वरून येईल ते चाळीस शब्दांत बसवायचं, एवढंच त्याचं काम. “आपण खोटं लिहीत नाही, आपण फक्त आटोपशीर लिहितो,” असं तो बायकोला सांगे. बायको “बरं” म्हणे आणि पोळ्या लाटायला लागे.

एका मंगळवारी ऑफिसात त्याच्या ताईचा फोन आला. ही त्याची थोरली बहीण. आईच्या मागे ती हमरस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात एकटीच राही आणि पुढच्या ओट्यावर मशीन मांडून शिवणकाम करी.

“अरे, आपल्या पायरीवर लाल फुली मारून गेलेत,” ताई म्हणाली.

“कोण?”

“रस्तावाले. रस्ता रुंद करायचाय म्हणे. पायरी, ओटा आणि पुढची खोली जाणार. एकोणीस दिवसांची मुदत दिलीय. उरलेल्या खोलीत मशीन ठेवू की स्वतःला ठेवू, तेवढं तू सांग.”

लेखनिकाने हातातला मजकूर बाजूला ठेवला. ती पायरी त्याला पाठ होती. काळ्या दगडाची, उजव्या अंगाला वाटीएवढा खळगा पडलेली. आई तिथे बसून कात्रीला धार लावायची. सदतीस वर्षं लावली, आणि त्या कात्रीवर दोन पोरं वाढवली. लहानपणी पावसाचं पाणी त्या खळग्यात साचलं की दोघं भावंडं त्यात कागदाची होडी सोडायची आणि आई ओरडायची.

रस्ता माणसासाठी वळत नाही, फलकासाठी वळतो (नियम नऊ), हे लेखनिकाइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने त्याच दुपारी पायरीला स्थळाचा दर्जा मिळावा म्हणून अर्ज केला. त्यात आई, कात्री, दगड, खळगा, सगळं खरं खरं लिहिलं. तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. त्यावर शेरे होते:

१. सदर आई कोणाची? (थोर पुरुषाची असल्यास दाखला जोडावा.)

२. सदर कात्रीचा कोणत्या लढाईत वापर झाला?

३. रोज घडणारी गोष्ट ही घटना नव्हे.

“तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे हो,” साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. “आई मलाही होतीच. पण तिच्यासाठी गाडी कोण थांबवणार, सांगा बरं.”

लेखनिक जागेवर येऊन बसला. सोळा दिवस उरले होते. खात्याच्या दप्तरात अकरा सेनापती काहीही न करता पडून होते. ते लढाई जिंकलेही नव्हते आणि हरलेही नव्हते, नुसते यादीत होते. त्यांतला एक त्याने उचलला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मनाने लिहिलं:

‘या पायरीवर बसून सेनापती बुटाचा बंद बांधत असता त्यांना ओळीने सात शिंका आल्या. सैन्याने तोच इशारा समजून चढाई केली व लढाई जिंकली. प्रत्येक शिंकेसरशी टाच आपटून पडलेला खळगा आजही पाहता येतो.’

आधी त्याने तीनच शिंका लिहिल्या होत्या. पण तीन शिंका काय, कुणालाही येतात. म्हणून सात केल्या. एकतीस शब्द झाले. उरलेल्या नऊ शब्दांत आईला कुठेतरी बसवता येईल, असं त्याच्या मनात होतं, पण ते साहेबांनी वापरून टाकले: ‘वाहने डाव्या बाजूस लावावीत. थुंकू नये. शिंकण्यास हरकत नाही.’

मग पडताळणी. खात्याची पडताळणी कडक असते. प्रत्येक मजकूर खात्याच्याच ‘आपला देश’ या पुस्तिकेशी ताडून पाहतात आणि पुस्तिकेत नसेल ते निर्दयपणे कापतात. पुस्तिका फलकांच्या मजकुरावरून तयार होते. त्यामुळे मजकूर आधी पुस्तिकेकडे जातो, तिथे छापला जातो, मग पडताळणीकडे येतो आणि तिथे तो पुस्तिकेत तंतोतंत सापडतो. या पद्धतीमुळे खात्याच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही.

फलक लागला. रस्ता घराशी आला आणि अदबीने तीन मीटर बाजूला वळला. ताईचा फोन आला तेव्हा ती आधी रडली आणि मग हसली.

“पण सेनापती कशाला रे? आपल्या आईचं का नाही लिहिलंस?”

“लिहिलं होतं ताई. नियमात बसत नव्हतं.”

“सेनापती बरा बसला,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

महिन्याभरात तिला नोटीस आली. ऐतिहासिक स्थळापासून पंधरा पावलांच्या आत कुणालाही राहता येत नाही (नियम चौदा). घर वाचलं होतं. आता ते ताईपासून वाचवायचं बाकी होतं. लेखनिक धावत साहेबांकडे गेला. फलक काढता येत नाही, पण घटना घडलीच नाही असं सिद्ध झालं तर तो ‘विचाराधीन’ करता येतो, असं कळलं. त्यासाठी घटनेच्या वेळी तिथे हजर असलेले दोन साक्षीदार लागत होते. घटना दोनशे तीस वर्षांपूर्वीची होती. शेवटी त्याने लाज सोडून सांगून टाकलं.

“साहेब, ते सगळं मी मनाने लिहिलंय.”

साहेबांनी शांतपणे पुस्तिका उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. “तुम्ही मनाने लिहिलं असेल. पण ते खरं निघालं, त्याला तुम्ही तरी काय करणार?”

लेखनिकाने हात टेकले. ताईने टेकले नाहीत. ती दुसऱ्याच दिवशी शिवणाची पिशवी काखोटीला मारून खात्यात आली आणि थेट साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

“सेनापतींना सात शिंका आल्या ना?”

“आल्या,” साहेब म्हणाले. “छापील आहे.”

“मग रुमाल कुणी दिला?”

साहेबांनी पुस्तिका चाळली, त्यात रुमाल नव्हता.

“नाही, विचारते आपलं,” ताई म्हणाली. “सात शिंका म्हणजे थोडंथोडकं काम नाही. नाक कशाला पुसलं? बाहीला? एवढ्या मोठ्या माणसाने? सैन्यासमोर?”

हा प्रश्न राष्ट्रीय प्रतिष्ठेचा आहे, हे साहेबांना तत्काळ पटलं. संध्याकाळच्या आत पुरवणी फलक मंजूर झाला: याच घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सेनापतींना पुढे होऊन रुमाल दिला होता. (पडताळणी झाली. पुस्तिकेत सापडलं.) ताईची नेमणूक ‘वंशपरंपरागत रुमालधारक’ म्हणून झाली. सेनापती पुन्हा शिंकल्यास गैरसोय होऊ नये, यासाठी तिने चोवीस तास जागेवर राहणं सक्तीचं करण्यात आलं. अशा रीतीने जिला घरात राहायला मनाई होती, तिला आता घर सोडायला मनाई झाली.

आता तिथे रोज तीनशेच्या आसपास माणसं येतात. प्रत्येक जण खळग्यात टाच ठेवून पाहतो. दहांतले नऊ जण ती आपल्याला अगदी बरोबर बसते म्हणून सांगतात आणि दहावा पायातला बूट काढून पुन्हा पाहतो. ताई ओट्यावर बसून रुमालाच्या कडा दुमडते. कुणी विचारलंच तर सेनापती डावखुरे होते, असंही सांगते. लेखनिकाने एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, हे कुठून काढलंस?” तर म्हणाली, “खळगा उजवीकडे आहे ना? मग डावा हात मोकळा नको?”

एका रविवारी तो गेला, तेव्हा ताई सवयीने कात्री घेऊन पायरीवर टेकली होती. पहारेकरी धावत आला. “अहो बाई, दगड झिजेल!” ताई मुकाट उठली आणि मागच्या दारी, कपडे धुवायच्या दगडावर जाऊन धार लावू लागली. लेखनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ती पायरी वाचवली होती, आणि आईला तिच्यावरून उठवलं होतं.

यंदा सात शिंका चौथीच्या पुस्तकात आल्या. लेखनिकाची मुलगी चौथीत आहे. परीक्षेत प्रश्न होता: पायरीवरचा खळगा कशामुळे पडला? तिने लिहिलं, ‘माझी आजी तिथे कात्रीला धार लावायची म्हणून.’ शून्य मिळालं. खाली लाल शाईत शेरा होता: ‘मनाने लिहू नये.’ त्याखाली पालकाच्या सहीची रेघ होती.

“बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना?” मुलीने विचारलं.

लेखनिकाने खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

वाचकांनी लेखनिकाला खुशाल हसावं. फक्त हसून झाल्यावर सेनापतींना किती शिंका आल्या, ते मनातल्या मनात सांगावं. बरोबर. आता आई त्या पायरीवर किती वर्षं कात्रीला धार लावत होती, तेही सांगावं. ते वर एकदा लिहिलेलं आहे. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. खात्याच्या पाहणीतही हेच आढळलं आहे.