उद्घाटनाआधी

मिरजगावच्या बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं, रंग वाळला, नळाला पाणीसुद्धा आलं. पण दाराला लाल फीत! उद्घाटन व्हायचं होतं ना. पाहुण्या ताई अकराला येणार होत्या आणि आता वाजले होते साडेबारा.

समोरच हसीनाचं शिलाईचं दुकान. फीत तिचीच, कात्रीही तिचीच. धार जाते म्हणून ती कात्री कुणाच्या हातात देत नसे. त्यामुळे कात्रीचं ताट धरून तीच उभी!

हसीना अठ्ठेचाळीसची. वर्षभर लघवीची अशी घाई लागायची की अर्धी बाही मशीनवर सोडून पळावं लागे. नगरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशन नको. चहा कमी करा. घड्याळ लावून जायचं, मधली वेळ हळूहळू वाढवायची. घाई आली की धावायचं नाही. थांबायचं, आतून आवळायचं, आकडे मोजायचे." दोन महिन्यांत हसीना पाऊण तासावरून दोन तासांवर आली होती. सोपं असतं का हे!

मोबाईलचा गजर वाजला.

"कारभारीभाऊ, मला आत जायचंय."

सरपंच दचकले. "अवो भाभी, उद्घाटनाआधी? ताई श्रीगोंद्यापुढं उसाच्या ट्रॉल्यांत अडकल्यात. पाचच मिन्टं!"

"तुमची पाच मिन्टं दीड तास चाललीत! घर माझं गावाच्या त्या टोकाला."

"मग मागं, झुडपात..."

"झुडपं कालच जेसीबीनं कुणी काढली? मी?"

हसीनाने आवळलं. मोजलं. वीस. चाळीस. तेवढ्यात सरपंचांनी माइक घेतला, "महिलांचा सन्मान हेच आमचं..."

साठ! हसीनाचं डोकंच फिरलं. तिने ताट सरपंचांच्या पोटावर टेकवलं, कात्री उचलली आणि कच्च! दार आतून बंद.

बाजारातल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. बनुबाईने मेथीच्या जुड्या तशाच टाकल्या आणि पहिला नंबर लावला. मागे रांगच लागली.

"आता ताईंनी कापायचं काय?" सरपंच फितीची दोन टोकं जुळवत ओरडले.

"शिवून देते," हसीना बाहेर येत म्हणाली. "उद्या या न्यायला."

तेवढ्यात गाडी आली. ताई उतरल्या त्या हार चुकवून थेट दाराकडे. "फीत राहू द्या हो! तीन तास गाडीत बसलेय!"

"नंबरानं, ताई. तुमचा आठवा," बनुबाईने बजावलं.

ताईंचा चेहरा बघून हसीनाचा राग जरा उतरला. "धावू नका, ताई. हिथंच थांबा. आतून आवळा अन् मोजा."

ताई डोळे मिटून ओठ हलवू लागल्या. ताई प्रार्थना म्हणतायत असं सरपंचांना वाटलं. त्यांनी फितीसकट हात जोडले.