जागच्या जागी सायकल

नीरजाने मान हलवली, एवढंच झालं.

लग्न होऊन कोथरूडच्या या घरात आल्यापासून तिने एक गोष्ट हेरून ठेवली होती, की इथे बोलण्यापेक्षा मान हलवणं सोयीचं. बोललं की दुरुस्ती होते. पहिल्याच आठवड्यात ती अमरावतीला आईशी फोनवर म्हणाली होती, "मी पोळ्या करून राहिली," आणि सासूबाईंनी शेजारून अत्यंत मायेने विचारलं होतं, "आणि करून झाल्यावर कुठे राहणार आहेस?" तेव्हापासून नीरजा हसून मान हलवायची. मान हलवण्यात व्याकरणाच्या चुका होत नाहीत.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या महिला मंडळाची बैठक नेमकी त्यांच्याच हॉलमध्ये भरली होती. नीरजा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ही काय, आमची नीरजा! कॉलेजला रोज सायकलनेच जायची. ही घेईल क्लास. घेशील ना गं?"

हात ट्रेमध्ये अडकलेले होते. मान मोकळी होती. ती हलली.

भानगड अशी होती, की बिल्डरने फ्लॅट विकताना 'अत्याधुनिक व्यायामशाळा' कबूल केली होती. माहितीपत्रकात चार गोरी माणसं घाम पुसत हसत होती. प्रत्यक्षात क्लबहाउसात आल्या सहा सायकली. जागच्या जागी चालणाऱ्या, पुढे चाकाऐवजी जात्याएवढी जड लोखंडी तबकडी असलेल्या. बिल्डर गेला, सायकली राहिल्या. दोन उन्हाळे त्यांच्यावर कुरडया वाळल्या आणि एका पावसाळ्यात छत्र्या.

सोसायटीचे सेक्रेटरी हिंदुराव जगदाळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना ती जागा कॅरमसाठी हवी होती. त्यांनी मंडळाला कळवलं होतं, "रविवारी सर्वसाधारण सभा आहे. सभेआधी या सायकलींवर व्यायाम होताना सर्वांना दिसला, तर सायकली राहतील. नाही दिसला, तर सोमवारी भंगारवाला येईल. कुरडयांची सोय ज्याने त्याने आपापल्या गॅलरीत करावी."

आता सासूबाईंना व्यायामाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हिंदुरावांना हरवायचं होतं. आणि नीरजाला? तिला एवढंच कळलं होतं, की आजवर आल्यागेल्याला तिची ओळख 'तेजसची बायको' अशी करून देणाऱ्या सासूबाई आज चारचौघींत 'आमची नीरजा' म्हणाल्या होत्या. ते 'आमची' रविवारी परत जमा करायची पाळी येऊ नये, म्हणून ती वाटेल ते करायला तयार होती. फक्त काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. कॉलेजला ती सायकलने जायची ती पोचायला. जिथून निघाली तिथेच राहण्यासाठी सायकल चालवायची, हे तिच्या बुद्धीच्या पलीकडचं होतं.

तेजस हडपसरहून अख्खं पुणं ओलांडून कंपनीच्या कॅबने घरी आला, तेव्हा तिने खोलीचं दार लावून त्याला सगळं सांगितलं. (दाराच्या आत तो 'तेजस' होता, बाहेर 'अहो'.)

"टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना," तेजस म्हणाला.

हे वाक्य तो याआधी एकदाच म्हणाला होता. त्यानंतर गीझर बदलावा लागला होता.

"रिक्वायरमेंट काय आहे?"

"बायकांनी सायकल चालवायची."

"हां. युजर कोण?"

"आई, शेजारच्या उत्कर्षाताई, गोदाबाई..."

"गोदाबाई? अगं, पंच्याहत्तरीच्या आहेत त्या!"

"खिडकीजवळची सायकल मिळणार असेल तर येते म्हणाल्या."

तेजसने दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून (कंपनीला वाटलं, तो काम करतोय) या विषयाचा सखोल अभ्यास केला. जगभर असे क्लास म्हणे गाण्यांवर चालतात. आधी अंग गरम करायला सावकाश गाणं. मग चढ, म्हणजे ब्रेकचं बटण पिळून सायकल जड करायची आणि ठेक्यात पाय रेटायचे. शेवटी सुसाट धावायचं, पाय दिसेनासे होईपर्यंत. बाईला आपण व्यायाम करतोय हे कळताच कामा नये, गाण्याने पाय आपोआप फिरले पाहिजेत.

तेव्हा प्रश्न उरला फक्त गाण्यांचा. घरात सायकल नव्हती, म्हणून तेजस पलंगावर उताणा पडून हवेत पाय मारायचा आणि नीरजा उशाशी बसून टाळ्यांनी ठेका धरायची. लॅपटॉपवर एकामागून एक गाणी. तेजसच्या कॉलेजातलं इंग्रजी गाणं लावलं, तर तो तिसऱ्या मिनिटाला पलंगावरून खाली आला. भावगीत लावलं, तर एकदा खाली गेलेला पाय वर यायला कडवं संपावं लागे. सिनेमातलं एक दणकेबाज गाणं अगदी बसलं. तेजस घामाने निथळत, पाय गरागरा फिरवत ओरडला, "फास्ट! अजून फास्ट!" नीरजा जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवू लागली, आणि दार उघडून सासूबाई आत आल्या.

त्यांनी उताण्या मुलाकडे पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्या सुनेकडे पाहिलं.

"मी नंतर येते," त्या म्हणाल्या.

"आई, अगं आम्ही क्लासची तयारी करतोय!"

"ते दिसतंय. पण त्या गाण्यात 'जवानी' आहे. गोदाबाईंना चालणार नाही. आणि त्यांना चाललं, तर मला चालणार नाही."

लावणीला हिंदुरावांनी हरकत घेतली असती. ढोल-ताशाला शेजारच्या सोसायटीने. चढासाठी लेझमीचा ठेका मंजूर झाला, सुरुवातीला बासरी चालेल असंही ठरलं. पण शेवटच्या सुसाट धावण्याचं गाणं काही केल्या मिळेना. सगळ्यांना पाठ हवं, सात्त्विक हवं, सावकाश सुरू होऊन आपणहून वेग घेणारं हवं.

आणि शुक्रवारी भांडी लावता लावता नीरजाला ते सुचलं. (हे तिलाच सुचलं, याची नोंद असावी. पुढे तिने ते तेजसवर ढकलायचा थोडा प्रयत्न केला.)

"गणपतीची आरती," ती म्हणाली. "हळू सुरू होते. शेवटी बघ किती पळते! टाळ्या आपोआप वाजतात, तसे पाय पण आपोआप..."

तेजस उडालाच. "नीरू, यू आर अ जीनियस."

सासूबाईसुद्धा हातातलं काम ठेवून वळल्या. मग म्हणाल्या, "हिंदुराव आरतीला नाही म्हणून दाखवू देत."

रविवारी क्लबहाउसात झाडून सगळी सोसायटी हजर होती, कारण सभेनंतर उपमा होता. हिंदुराव पहिल्या खुर्चीवर हाताची घडी घालून. पाच सायकली ओळीत, आणि त्यांच्याकडे तोंड करून समोर, चौथऱ्यावर, नीरजाची. सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच पंजाबी ड्रेस आणि बूट घातले होते आणि त्या कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. सगळ्या जणींत सायकलला साजेसा पोशाख एकट्या गोदाबाईंचाच होता. नऊवारीचा काष्टा. तेजसने 'सेफ्टी फर्स्ट' म्हणत नीरजाचे पाय पॅडलच्या पट्ट्यांत करकचून आवळले आणि तो लॅपटॉपपाशी जाऊन उभा राहिला.

बासरी सुरू झाली.

"हळूहळू... चालवा," नीरजा म्हणाली. ते फक्त हँडलला ऐकू गेलं.

"मोठ्याने गं!" सासूबाई पुटपुटल्या. "तुमच्या अमरावतीला बोलतात तसं!"

नीरजाने डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला, "चालवा नं बाई! कायले थांबून राहिल्या?"

हॉल खळखळून हसला आणि त्या हसण्यात पाचही तबकड्या फिरू लागल्या. लेझीम लागली, तशी उत्कर्षाताईंनी तर सीटवरून उठून चढ चढायला सुरुवात केली. गोदाबाई खिडकीबाहेर बघत, सासवडला निघाल्यासारख्या निवांत पॅडल मारत होत्या. नीरजाने चोरून पाहिलं. हिंदुरावांचा उजवा पाय खुर्चीखाली ठेका धरत होता. जिंकलंच म्हणायचं! तिने ब्रेकचं बटण सैल केलं आणि तेजसला खूण केली. आता शेवटची धाव.

झांज वाजली.

पहिल्या झांजेला गोदाबाई खाली उतरल्या. दुसऱ्या झांजेला सासूबाई. मग उरलेल्या तिघी. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या सरकल्याचा एकच खरखराट झाला, आणि अख्खी सोसायटी पायांतल्या चपला काढून उभी राहिली. हिंदुरावांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला.

आरती लागल्यावर बसून राहायचं, ही गोष्ट त्या हॉलमधल्या एकाही माणसाच्या पायांना ठाऊक नव्हती. तिथे गाण्याने पाय आपोआप फिरण्याचा प्रश्नच नव्हता, ते आपोआप थांबले होते. हे जगातल्या कुठल्याही सायकलतज्ज्ञाने लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ज्या दोघांना उपजत माहीत असायला हवं होतं, ते पलंगावर ठेका मोजत बसले होते.

नीरजालाही उतरायचं होतं. पण पाय बांधलेले, आणि ती जड तबकडी ऐन धावेच्या वेगात. पॅडल थांबेना, उलट तेच तिचे पाय फिरवायला लागलं. ब्रेकचं बटण पिळायला गेली, तर सैल केलेलं ते हातातच आलं. तिने तेजसकडे बघून ओठांनी 'बंद कर' म्हटलं. तेजसचे हात जोडलेले होते. चालू आरती मध्येच बंद करायला कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की सगळे तिच्याकडे तोंड करून उभे आहेत. समोर कुणीतरी असावं लागतं, आणि समोर तीच होती. उंच आसनावर, केस मोकळे सुटलेले, पाय गरगर फिरताहेत, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी अख्खी सोसायटी टाळ्या वाजवत तिला आळवते आहे. त्यात सासूबाईही होत्या.

लॅपटॉपवरची आरती संपली. पण गणपतीनंतर थांबतो तो माणूस कसला! कुणीतरी शंकराची उचलली, मग देवीची. तबकडी मंदावायला लागली, की टाळ्यांच्या ठेक्यावर नीरजाचेच पाय तिला पुन्हा पळवत. पुढे ती आली, जिच्यात एक शब्द छाती फुटेपर्यंत लांबवायचा असतो. हिंदुरावांनी शब्द धरला. सासूबाईंनीही धरला. बाकीचे एकेक करून गळाले. ही दोघं एकमेकांकडे बघत ताणतच राहिली. हिंदुराव लाल झाले, मग जांभळे. शेवटी ते खोकले, आणि सासूबाईंनी शब्द आणखी थोडा लांबवून मगच खाली ठेवला. त्या सकाळी क्लबहाउसात झालेला एवढाच काय तो व्यायाम.

सगळ्यांनी स्वतःभोवती गिरकी घेतली. गोदाबाई कमरेची कुंकवाची डबी उघडत चौथऱ्यावर आल्या. नीरजाचं कपाळ खालीवर होत होतं, ते काही बोटाला सापडेना. मग त्यांनी हँडललाच ठसठशीत कुंकू लावलं.

"अरे तेजस, सोडव ना रे मला!" नीरजा अखेर ओरडली.

हॉलभर माना वळल्या. 'अहो'चा 'अरे' झालेला सगळ्यांनी ऐकला होता. तेजस धावत आला, गुडघे टेकून पट्टे सोडवू लागला.

"याला कुणापुढे वाकलेला आज पहिल्यांदा बघतेय," सासूबाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी रुमालाने तोंड पुसलं. "वहिनी, व्यायाम दिसायला हवा असं ठरलं होतं."

"दिसला की! तुमचा चेहरा अजून लाल आहे."

हिंदुरावांनी हँडलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "कुंकू लावलेली वस्तू भंगारात घालायची रीत आमच्याकडे नाही. भंगारवाल्याला कळवतो, की विसर्जनापर्यंत थांब."

सायकली राहिल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. मागून कुणीतरी प्रसादाचं विचारलं, तेव्हा उपमा हातावर वाटण्यात आला. 'आमची नीरजा' एवढे दोन शब्द सासूबाईंनी त्या दिवशी दाराशी उभं राहून इतक्या जणांना ऐकवले, की नीरजाला लाजून मान हलवायलाही सुचेना.

पुढच्या रविवारी तेजसने आणलेला नवा ट्रॅकसूट घालून, गाणी पुन्हा बदलून, ती खाली गेली. आता खरा क्लास घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. हॉल गच्च भरलेला. समोरच्या सायकलीला झेंडूची माळ होती, सीटवर ब्लाउजपीस आणि नारळ. नीरजाने नारळ अलगद बाजूला ठेवला आणि पॅडलवर पाय ठेवला.

"अगं, पाय!" गोदाबाई किंचाळल्या.

हॉलमधून एक 'च्‌ च्‌' फिरली. नीरजा दचकून खाली उतरली. क्षणभर विचार केला, आणि मग, दुसरं काहीच सुचेना म्हणून, तिने वाकून पॅडलला नमस्कार केला.

"शिकवते छान," मागे सासूबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या. "जरा वळण लावायचं राहिलंय."