पडलेलं वेचणारे महादूमामा

महादूमामांना गाडीवर मागं बसवायचं म्हणजे जिवाशी खेळ. गाडी जरा वेग घेते न घेते, तोच पाठीत धपकन हात बसतो. "थांबा, थांबा! पडलं!" पाकीट पडलं, चप्पल पडली की मामाच पडले, या धसक्यानं मी करकचून ब्रेक दाबतो. वळून बघतो, तर मामा रस्त्याकडेला वाकून बाभळीची वाळकी शेंग उचलत असतात.

"मण्यांच्या माळंवानी हाय, बघा तरी!"

मामा दौंडला आमच्याच गल्लीत राहतात. मूळचे न्हावऱ्याचे. घरची मेंढरं सोडून ते रेल्वेत गँगमन झाले. उभी नोकरी रूळ बघत चालण्यात गेली, त्यामुळे मान खाली घालून चालायची सवय अजून सुटलेली नाही. थंडी सरली की त्यांना भलताच हुरूप येतो. गल्लीत कुणाकडं पाहुणे येणार असं कळायचा अवकाश, मामा दारात हजर.

"टेबल माझ्याकडं द्या."

रानातल्या वस्तूंनी ते टेबल सजवून देतात. अट एकच. "तोडायचं न्हाई. पडंल तवा उचलायचं." एकदा पळसाखाली पंचा पसरून सकाळपासून बसले होते. मी म्हणालो, "मामा, फांदी हलवा की जरा."

"आवं, झाडाचं मन व्हऊ द्या सोडायचं!"

यंदा माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी होती. पोरांनी आपसात ठरवलेलं, पण मुलाच्या वडिलांच्या ते मनात नव्हतं. पुण्याहून ते येणार म्हणून घरात सकाळपासून आवराआवर चालली होती. बायकोनं बाजारातून प्लॅस्टिकची फुलं आणली होती. तेवढ्यात मामा पोतं घेऊन आले. "वहिनी, ती फुलं ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि कामाला लागले.

फुटक्या परातीत त्यांनी ओली माती थापली. तीत बाभळीची सुकी फांदी रोवली. मेंढरं झुडपातून जाताना काट्यांना लोकरीचे पुंजके अडकतात, ते त्यांनी वेचून आणले होते. एकेक पुंजका चिमटीनं फुलवून ते काट्यावर बसवत गेले. खाली पळसाची फुलं, मधे सुगरणीचा गळून पडलेला खोपा. बघता बघता ती वाळकी फांदी पांढऱ्या मोहरानं लगडली. काट्यांवर एवढं मऊ काही उमलू शकतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बायकोनं प्लॅस्टिकची फुलं कपाटात टाकली.

मुलाचे वडील कपाळाला आठ्या घालूनच आत आले, मागोमाग मुलाची आई. टेबलापाशी आले आणि थांबले. हळूच बोट लावून म्हणाले, "ही लोकर आहे?" मग वाकून खोप्यात डोकावले. मुलाची आई हसली, "यांना घरी जेवायला बोलवायचं तर तीनदा हाका माराव्या लागतात, आणि इथं बघा, आपणहून टेबलापाशी आले!" तेही हसले. खुर्ची ओढून बसले. जेवणं लांबली, गप्पा लांबल्या, आणि उठता उठता त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

मामांना सांगावं म्हणून बघतो, तर ते कधीच निघून गेलेले. पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलो नव्हतो. भिंतीला टेकून मामा जमिनीवर भाकरी खात होते. खोलीत एक खाट, एक चूल, बस.

"मामा, तुमच्याकडं टेबल नाही?"

"एकट्याला कशाला वं टेबल?" मामा म्हणाले. पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला. "समदी बसली का?"

"बसली."

"कोन कुटं बसलं? हासली का?"

मी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि पाहुणे दारात आले तिथपासून सांगायला लागलो. मामा भाकरी विसरून ऐकत होते. मधेच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा. पोराची आई हासून काय म्हनाली, ते पुन्यांदा सांगा."