ऑरविलच्या घरचा अर्ज

नवा अर्ज बायकोकडून भरून घ्यावा, असं ऑरविल स्कोग्लुंडने ठरवलं, तेव्हा त्यात काही धोका असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला लाँगस्प्रूस काउंटीच्या लोककल्याण कचेरीत तो सव्वीस वर्षं नोकरीला होता. औषधपाण्याची मदत हवी असेल तर राज्याचा अर्ज, जेवणखाणासाठी काउंटीचा, आणि घरी मदतनीस हवा असेल तर तिसरा, ज्याची निम्मी पानं इकडे नि निम्मी तिकडे. राज्य म्हणायचं काउंटीला विचारा, काउंटी म्हणायची राज्याला विचारा. तोवर माणूस बरा तरी व्हायचा, नाहीतर जायचा तरी. (फाइल दोन्ही वेळा बंदच व्हायची.) आता दोघांनी वर्षभर बैठका घेऊन सगळ्याला मिळून एकच चार पानी अर्ज केला होता. राजधानीहून आलेल्या रोझानबाईंनी बजावलं होतं, की छापण्याआधी प्रत्येकाने तो घरच्या माणसाकडून भरून घ्यावा आणि कुठे अडतं ते कळवावं.

त्याची बायको मार्लिस नुकतीच आईच्या खोलीतून बाहेर आली होती. तिची आई अल्मा शहाऐंशी वर्षांची. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं त्यांच्याकडेच होती. ऑरविलने मार्लिसला टेबलाशी बसवलं, पेन दिलं आणि घड्याळ लावलं.

"खरं लिहायचं?" तिने विचारलं.

"अगदी खरं. खोटं लिहिलंस तर परीक्षा कसली?"

मार्लिसने चौदा मिनिटांत अर्ज पुरा केला. ऑरविल खूश झाला. काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही. (वेळ मोजायची होती, मजकूर कशाला?) दुसऱ्या दिवशी कचेरीत नमुन्यांचा ट्रे आणि आलेल्या अर्जांचा ट्रे शेजारी शेजारी होते. कोणी ठेवले होते म्हणाल, तर ऑरविलनेच. अर्ज चुकीच्या ट्रेमध्ये पडला.

नवव्या दिवशी पाकू व्हांग दारात उभी. ही कचेरीतली सगळ्यात नवी मुलगी, तिला काम ऑरविलनेच शिकवलेलं. तिने बर्फाचे बूट दाराशी काढले आणि तपासणीला आल्याचं सांगितलं.

"अल्माच्या?"

"त्यांच्याही, सर."

तो नुसता नमुना होता, असं ऑरविलने हसून सांगितलं. पाकू अवघडली खरी, पण हटली नाही. अर्जाला नंबर पडला होता, प्रत राज्याकडे गेली होती, आणि नंबर पडला की भेट झालीच पाहिजे हे तिच्याकडून ऑरविलनेच तीनदा घोकून घेतलेलं. तिने कॉफी घेतली आणि वाचायला लागली. 'घरात कोणाला मदत लागते?' या प्रश्नाखाली अल्मासाठी चार ओळी होत्या. ऑरविलसाठी मार्लिसने कागदाच्या मागची बाजूही वापरली होती.

नियमाप्रमाणे पाकूने लिहिलेल्याची खात्री करून घेतली. फ्रिजमधलं लोणी दाखवायला सांगितलं. ऑरविलने मोठ्या ऐटीत एक डबा काढला. तो चीजचा निघाला. अल्माच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या, त्यावर तो "सकाळी" म्हणाला आणि मार्लिसच्या चेहऱ्याकडे बघून "आणि संध्याकाळीही" अशी दुरुस्ती केली. खुर्चीतून अल्मा जड जिभेने म्हणाली, "पास कर गं त्याला. वाईट नाही तो."

मग पाकूने पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात वाचला. "अर्जदाराला स्वतःला मदत कोण करतं? उत्तर, कोणी नाही."

ऑरविल पुढच्या विनोदाची वाट बघत राहिला. मार्लिस सिंककडे तोंड करून एकच कप धूत होती. बराच वेळ धूत होती.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तू विचारलं नाहीस, ऑरविल. अर्जाने विचारलं."

सव्वीस वर्षं तो कचेरीतल्या टेबलामागे बसून लोकांची दुखणी लिहून घेत होता. अर्जदार आपल्याच घरी राहत असेल, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी मदतनीस बाई आली. आठवड्यातून तीन सकाळी यायची ठरली. (जुन्या पद्धतीत सात महिने लागायचे. ऑरविलला ठाऊक होतं, त्या फाइली तोच सांभाळायचा.) तिच्याकडून तो कमरेला पट्टा बांधून अल्माला उठवायला शिकला. गोळ्या शिकला. अल्माचे केसही विंचरायला लागला. पहिल्या दिवशी भांग असा काही पडला, की अल्मा आरशात बघून म्हणाली, "मी अगदी चर्चच्या पाद्रीबाबासारखी दिसते." तरी तो भांग तिने दिवसभर मोडू दिला नाही.

गुरुवारी मार्लिस दोन वर्षांनी चर्चच्या गायनाला गेली. परतली ती थंडीने लाल झालेल्या गालांनी, अंगणापासूनच गुणगुणत. ऑरविल खिडकीशी उभा राहून ऐकत होता. हे गाणं घरातून कधी नाहीसं झालं, ते त्याला आठवेना.

तीन महिन्यांनी फेरतपासणीचा कागद आला. खाली राज्याची आणि काउंटीची, अशा दोन्ही सह्या. 'परिस्थितीत सुधारणा आहे का?' मार्लिसने इतका विचार केला, की ऑरविलने ओव्हनमध्ये ठेवलेलं हॉटडिश, म्हणजे बटाटे-खिम्याचं रात्रीचं जेवण, खालून लागलं. शेवटी तिने ऑरविलच्या नावापुढे 'थोडीफार' वर खूण केली. ऑरविलने सुटकेचा श्वास सोडला आणि तिच्या खांद्यावरून पुढचं वाचलं.

शेवटचा प्रश्न होता, 'ही व्यक्ती मदतीविना राहू शकेल का?'

अल्मापुढे मार्लिसने लिहिलं, 'थोडा वेळ.'

ऑरविलपुढे लिहिलं, 'मुळीच नाही.'