राजमहालाच्या काचेच्या सज्ज्याचें वर्तमान

श्री. वास्तुपुरुषास दंडवत, वायुदेवास त्याहून मोठा दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मासीं समुद्रतीरीच्या एका राज्यांत काचेच्या सज्ज्याचें जें वर्तमान जाहलें तें येणेंप्रमाणें.

महाराजांची मर्जी जाहली कीं महालाचे माथां समुद्राकडे काचेचा सज्जा असावा आणि राणीसाहेबांनीं व बाळराजांनीं तेथें बसोन गलबतें पाहावीं. मग राजश्री सदोबापंत स्थपती यांस आज्ञा जाहली. पंत हुशार, परंतु घाई त्यांचे पांचवीस पुजलेली. त्यांणीं संगणकयंत्र उघडिलें आणि परमुलखीच्या काचवाल्यांनीं स्थपतींकरितां फुकट मांडिलेलें तयार नकाशांचें भांडार धुंडिलें आणि एक देखणा सज्जा वेंचोन आपले नकाशांत डकविला. चित्रांत फुलझाडें होतीं, हंसरीं माणसें होतीं. पाहोन महाराज बहुत संतोष पावले. परंतु त्या नकाशाचे पोटीं एकेक बोल्ट, एकेक लोखंडी पकड यथासांग काढिलेली, तेणेंकरून यंत्रास भार सोसेना आणि तें म्हाताऱ्या बैलाप्रमाणें जागींच बसूं लागलें. तेव्हां नकाशा हलका व्हावा म्हणोन पंतांनीं बोल्ट व पकडी पुसोन टाकिल्या आणि मनीं म्हटलें, मागाहून घालूं. मागाहून कोण घालितो! त्या राज्यीं दंडक ऐसा कीं नकाशांत नाहीं तें कारागिरांनीं बसवूं नये. सबब त्यांणीं काचा नुसत्या खाचेंत उभ्या करोन भोंवतीं खडू-तेलाची लांबी भरिली आणि काम सिद्धीस नेलें.

मग वास्तुशांतीचे सकाळीं दिवाण राघो सोमनाथ यांणीं नकाशा पाहूं मागितला. पंतांनीं यंत्र उघडिलें आणि पाहतात तों बोल्ट कोठें? पंत उपरण्यानें वारा घेऊं लागले. दिवाण पुसते जाहले, "पंत, प्रकृति बरी नाहीं काय?" "उन्हाळा बाधला," ऐसें बोलोन पंतांनीं यंत्र मिटिलें. सांगावें तर मान जाते; न सांगावें आणि आजचा दिवस निभावला, तर उदयीक गुपचूप बोल्ट ठोकून घेऊं, ऐसा विचार त्यांणीं केला.

मग खासा स्वारी सज्ज्यावर आली आणि समुद्रावरून वारा सुटला आणि काच किंचित् कुरकुरली. ती कुरकुर एकट्या पंतांस ऐकूं आली. बाळराजे धांवत गेले आणि दोन्ही तळहात व नाक काचेस लावोन गलबत पाहूं लागले. पंत डोळे मिटोन देवाचें नांव घेत राहिले. काच राहिली. बाळराजे परतले, आणि पंतांनीं श्वास सोडिला. तों राणीसाहेब बोलिल्या, "पंत, तुमची येसू कोठें? तिचा खण आम्हीं आणिला आहे." नव्या वास्तूचा पहिला खण बांधणाराचे लेकीस त्याच वास्तूंत द्यावा ही राज्याची चाल, भयाचे भरीं पंत ती विसरले होते. धाकुटी येसू परकर सांवरीत आली आणि खण राहिला बाजूस, थेट काचेकडे धांवली.

"येसू! हात लावूं नको! बोल्ट नाहींत गे त्यांस!" ऐसी आरोळी मारोन पंतांनीं लेकीस वेणी धरोन मागें ओढिलें. सगळा दरबार भिंतीस लागला. महाराजांनीं पहारेकऱ्याचे भाल्याचा दांडा काचेस टेंकिला मात्र, तों काच खाचेंतून निसटली आणि खालीं चौकांत पडोन चूर जाहली. खालीं कोणी नव्हतें, हें दैव. महाराजांचा हात तरवारीवर गेला, तो राणीसाहेबांनीं धरिला आणि बाळराजांस पोटाशीं घेऊन हळूंच पुसत्या जाहल्या, "पंत, आमचें लेकरूं टेंकलें होतें, तेव्हां ही आरोळी कोठें गेली होती?"

येसूही उत्तर ऐकावयास मान वर करोन उभी होती.

तात्पर्य, बोल्ट पुढें बसले, सज्जा अद्याप उभा आहे, पंतांची मान वांचली आणि चाकरी गेली. लिहिणाराची चूकभूल वाचणारांनीं पदरीं घ्यावी. नकाशा काढणाराची घेऊं नये.