पंपाचं शुद्ध नाव

ऐका रे, नंदकिशोरची गोष्ट सांगतो, पण मधे कोणी हसायचं नाही. त्र्याऐंशी साल. बेलापूरला आमची कॉलनी नवीकोरी, भिंतीला टेकलं की रंग शर्टाला लागायचा. पहिल्या मजल्यावर नंदकिशोर, सोसायटीचा सेक्रेटरी. त्याचं एकच म्हणणं: "माझ्या इंग्रजीत चूक दाखवा, मिशी उतरवीन." मिशी आधीच इतकी विरळ, की कोणी त्या भानगडीत पडायचं नाही.

तर कॉलनीसमोर पेट्रोल पंप, पंपासमोर बसस्टॉप, आणि स्टॉपच्या पाटीवर लिहिलेलं 'पेट्रोल पंप'. सगळ्या जगाचं भागत होतं. नंदकिशोरचं भागेना! एका सकाळी डिक्शनरी काखेत मारून तो जिन्यातच उभा राहिला आणि शेजारच्या मधुकररावांना धरलं.

"मधुकरराव, पंप म्हणजे काय? ते नळीवालं यंत्र. जागेला कोणी पंप म्हणतं का? जागा म्हणजे फिलिंग स्टेशन."

"आणि अमेरिकेत?"

"तिकडे गॅस स्टेशन म्हणतात."

"गॅस मिळतो तिथं?"

"छे, पेट्रोलच मिळतं."

"मग त्यांचंही चुकलंच की. एक अर्ज त्यांनाही टाका."

मधुकरराव चेष्टा करून दूध आणायला गेले. पण अर्ज हा शब्द नंदकिशोरच्या कानात शिरला तो शिरलाच. सोसायटीचं लेटरहेड, तीन प्रती, खाली रबरी शिक्का, आणि अर्ज बसवाल्यांच्या ऑफिसात.

आता धक्का ऐका. अर्ज मंजूर झाला! नळाचं पाणी मागता मागता माणसं आजोबा होतात, आणि याची पाटी दीड महिन्यात बदलली! रविवारी पेंटर आला, 'पेट्रोल पंप' खरवडून 'फिलिंग स्टेशन' लिहून गेला. नंदकिशोरनं घरोघर पेढे वाटले.

आणि सोमवारी होता स्मितावहिनींचा इंटरव्ह्यू. वहिनी म्हणजे नंदकिशोरची बायको. दोन वर्षं कुणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागेवर शिकवायचं आणि ती आली की घरी बसायचं, असं चाललेलं. आता वाशीच्या एका शाळेत पर्मनंट जागा निघाली होती. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, दहानंतर येणाऱ्या उमेदवाराचा विचार होणार नाही.

आठ वाजून दहाची बस आली आणि न थांबता गेली. भरलेली असेल म्हणावं, तर रिकामी! खिडकीत एक म्हातारा केळं खात होता, बाकी सगळी बाकं मोकळी.

"ड्रायव्हर नवा असेल," नंदकिशोर म्हणाला.

"कालपर्यंत जुना होता," वहिनी म्हणाल्या.

राहिली आठ-चाळीसची. तिच्यानंतर थेट सव्वादहा. आता स्टॉपवर अख्खी कॉलनी जमलेली, शिवाय गावातली धोंडूबाई कोलंबीची पाटी घेऊन. लांबून बस दिसली. वेग काही कमी होईना. नंदकिशोरनं वहिनींच्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यापेक्षा बस बरी असं वाटून तो धावत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डोळे मिटून, दोन्ही हात पसरून!

करकचून ब्रेक लागले. बंपर त्याच्या शर्टाच्या बटणाला टेकला. कंडक्टर गंगाराम खाली उतरला, हातात भाड्याचा तक्ता.

"जीव द्यायचा तर खाडी हाय ना पलीकडं."

"बस का थांबवत नाही तुम्ही?" नंदकिशोरनं एक डोळा उघडून विचारलं.

"कुठं थांबवू? माझ्या तक्त्यात लिवलंय पेट्रोल पंप. तुमच्या पाटीवर पेट्रोल पंप कुठं हाय, दावा."

"तो काय समोर पंप."

"मी तिकीट पंपाचं फाडतो का पाटीचं? पाटीवर हाय फिलिंग स्टेशन. ते तक्त्यात नाय. तक्त्यात नाय त्याचं भाडं नाय, भाडं नाय त्याचं तिकीट नाय, आन् बिगरतिकिटाचा मानूस घेतला तर माझी नोकरी नाय. नवा तक्ता छापून येईल तवा थांबू." त्यानं पाटीकडे मान वर केली. "चांगलं चाललं होतं. कोना शहान्यानं बदललं हे?"

सगळी कॉलनी आपापल्या चपलांकडे बघायला लागली. पेढे खाल्लेले होते ना. वहिनींनी मात्र हातातली फाईल बंपरसमोर उभ्या नंदकिशोरकडे रोखली. "यांनी. माझे मिस्टर आहेत."

धोंडूबाईनं कोलंबीची पाटी डोक्यावर चढवली. "आता भांडत काय बसता रं? माजी कोलंबी मरून पुन्ना मरंल. मागच्या स्टॉपचा तिकीट फारून दे नि घे आमाला. गारी उबी हाय ना?"

गंगारामनं डोकं खाजवलं. "मागच्या स्टॉपचं चालतंय. पन गाडी मी थांबवलेली नाय, हां. मानूस आडवा आला म्हनून थांबली. त्याला नियम हाय, मानसावर गाडी घालायची नाय."

"म्हणजे रोज माणूस आडवा आला तर?" मधुकररावांनी हळूच विचारलं.

"तर रोज थांबंल."

सगळ्यांनी नंदकिशोरकडे पाहिलं.

वहिनी वेळेत पोचल्या. दहाला पाच मिनिटं कमी होती. जागाही मिळाली. संध्याकाळी नंदकिशोरनं घाबरत घाबरत विचारलं, "काय विचारलं?"

"पत्ता विचारला."

"मग?"

"पेट्रोल पंपासमोर, म्हटलं. लगेच समजलं त्यांना."

नवा तक्ता यायला तीन महिने लागले. तीन महिने हा माणूस रोज सकाळी आठ-चाळीसला रस्त्यात उभा! पावसात छत्री घेऊन. बस थांबायची, कॉलनी चढायची, धोंडूबाईची पाटी चढायची, वहिनी चढायच्या. पण खरी गंमत पुढेच. नंदकिशोर चढायला म्हणून बाजूला झाला, की रस्ता मोकळा. रस्ता मोकळा की थांबायचं कारण नाही. बस सुटायची! त्याला चढायचं तर दुसरा कोणीतरी आडवा पाहिजे, आणि पेढे खाल्लेल्यांपैकी एकही तयार होईना. बिचारा पुढच्या स्टॉपपर्यंत मैलभर चालत जायचा आणि ऑफिसात रोज लेट मार्क खायचा.

शेवटी एकदाचा तक्ता आला, त्यात फिलिंग स्टेशन छापलेलं. बस आपली आपण थांबायला लागली. त्या संध्याकाळी नवरा-बायको वाशीहून एकाच बसनं परत येत होते. नंदकिशोर खिडकीशी, छाती पुढे. आता गंगाराम त्या नावाचा पुकारा करणार, अख्खी बस ते शुद्ध इंग्रजी ऐकणार! स्टॉप जवळ आला. गंगारामनं तक्त्यात पाहिलं, ओठ हलवून दोनदा वाचलं, तक्ता काखेत मारला आणि घंटीची दोरी ओढली.

"चला, शहान्याचा पंप! कोन हाय शहान्याच्या पंपावर उतरनारा?"

कोणी हलेना. वहिनींनी कोपर मारलं. नंदकिशोर उठला, डिक्शनरी पिशवीत खाली सरकवली आणि खालच्या मानेनं म्हणाला,

"मी आहे."