झोळीत गेलेलं डुकाट

चर्चमधल्या रविवारच्या प्रवचनात वीबेला डुलकी लागली आणि तिथंच घात झाला. दानाची झोळी समोर आली तेव्हा बायकोनं, आउक्यानं, कोपर मारलं. त्यानं दचकून कोटाच्या खिशात हात घातला, पेपरमिंटच्या गोळ्या बाजूला सारल्या आणि हाताला लागलं ते नाणं झोळीत टाकलं. मग पुन्हा खिसा चाचपला, तर दानासाठी ठेवलेला युरो जागच्या जागी.

म्हणजे गेलं ते डुकाट! दोनशे वर्षांपूर्वीच्या क्रांतीच्या धामधुमीत पाडलेलं सोन्याचं नाणं, त्यावर बाणांची जुडी धरलेला शिलेदार. त्यासाठी वीबेनं अर्धं आयुष्य बाजार पालथे घातले होते. शुक्रवारी ते मिळालं, पण बिस्किटांच्या डब्यातल्या सगळ्या पैशांनी, आणि ते पैसे आउक्याच्या नव्या शेगडीचे होते. तिच्या शनिवारच्या साफसफाईतून घराचा एकही कोपरा सुटत नाही, म्हणून नाणं खिशात ठेवलं होतं.

वीबेनं वाकून झोळीत हात घातला. झोळीचा दांडा धरलेल्या म्हाताऱ्या याप्पेंनी हिसका दिला. "अरे, यात टाकतात. काढत नाहीत!"

"गोळी पडली माझी," वीबे पुटपुटला.

"देवाला चालते गोळी."

प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी याप्पेंनी नाणं उंच धरलं. "कुणाचं चुकून पडलंय का? नसेल तर छपराच्या दुरुस्तीसाठी आत्ताच विकतो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वीबेनं कपात तोंड खुपसलं.

"आठशे युरो!" दाताचे डॉक्टर ओरडले. वीबेचा चेहरा पांढराफटक पडला.

आउक्या त्याच्याकडेच बघत होती. "एवढा जीव अडकलाय त्यात?"

"हो गं," वीबे म्हणाला. निदान हे तरी खरं होतं.

"मग आमचे नऊशे!" आउक्या गरजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, तुझी शेगडी..."

"राहू दे. इतकी वर्षं एका बर्नरवर काढली, अजून काढीन. वाढदिवसाची भेट समज. बस तू, मी बिस्किटांचा डबा घेऊन येते."

वीबेला भरून आलं आणि घामही फुटला. याप्पेंनी नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. "नशीब काढलंस लेका! अशी बायको शोधून मिळायची नाही."

बाहेर आउक्याची सायकल निघाली. घर पुढच्याच गल्लीत होतं.

"याप्पेकाका," वीबेनं विचारलं, "आजचं प्रवचन कशावर होतं हो?"

"वेळेवर दिलेल्या कबुलीवर," याप्पे म्हणाले. "तू झोपला होतास."